शेकरूची वाट झाडावरून

मुंबईत करी रोड नावाचे स्टेशन आहे. तेथे सकाळी डबेवाल्यांची लगबग पाहावी. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात डबे आणि पायाला घाई. हे लोक मूळचे कुठले? पुष्कळसे मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले. म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतले. खेड, आंबेगावच्या मागे जो उंच डोंगर आहे, त्यावर भीमाशंकरचे जंगल आहे. त्या जंगलात काय बघावे आणि कसे बघावे, ते आज वाचू या.

कोणी म्हणेल, "अहो, भीमाशंकरला आम्ही दरसाल जातो. दर्शन घेतो आणि माघारी येतो. जंगलात बघायचं काय?"

पुष्कळ आहे! भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. देऊळ सुमारे तीन हजार फूट उंचीवर आहे. तेथे पाऊस फार पडतो. त्यामुळे जंगल दाट आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा अशी झाडे आहेत. त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. १९८५ साली सरकारने तेथील सुमारे १३१ चौरस किलोमीटर मुलूख अभयारण्य म्हणून राखला. अभयारण्य म्हणजे काय? जेथे प्राण्यांना माणसाचे भय नाही, असे अरण्य. तेथे शिकार करणे गुन्हा आहे.

या जंगलात बिबट्या आहे, सांबर आहे, भेकर आहे, रानडुक्कर आहे. पण ते सहसा दिसत नाहीत. दिसते ते शेकरू. शेकरू म्हणजे मोठी खार. घरामागची खार मुठीत मावते. शेकरू मात्र नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत हातभरापेक्षा मोठे असते. शेपटी लांब आणि झुबकेदार. पाठ तांबूस, पोट फिकट. कानांवर केसांचे झुपके. महाराष्ट्राने याच प्राण्याला राज्यप्राणी मानले आहे.

शेकरू फळे खाते, फुले खाते, बिया खाते, झाडाची सालही खाते. काटक्या आणि पाने आणून ते उंच फांदीवर गोल घरटे बांधते. गंमत बघा, एका घरट्यावर त्याचे भागत नाही. एकच शेकरू आसपासच्या झाडांवर अनेक घरटी बांधते.

हा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याची वाट झाडावरून असते. या फांदीवरून त्या फांदीवर तो उडी मारतो. एका उडीत वीस फुटांपर्यंत अंतर तोडतो. पण मधली झाडे कोणी तोडली, किंवा रुंद रस्ता झाला, तर काय होईल? समोरची फांदी उडीच्या पल्ल्याबाहेर जाईल. मग शेकरूला खाली उतरावे लागेल. खाली कुत्रा आहे, बिबट्या आहे, मोटार आहे. म्हणून जंगलातली चार झाडे गेली, तर चारच झाडे गेली असे समजू नका. शेकरूची वाटच मोडली असे समजा.

आणि वाट केवळ शेकरूची मोडते असेही नाही. भीमा नदी याच डोंगरात उगम पावते. पंढरपूरला आपण तिलाच चंद्रभागा म्हणतो. दाट जंगलात पालापाचोळ्याचा जाड थर असतो. पावसाचे पाणी त्यात जिरते आणि झऱ्यांतून हळूहळू बाहेर येते. झाडे गेली की पाणी धावत सुटते, माती घेऊन जाते आणि उन्हाळ्यात झरे आटतात.

आता जायचे कसे? पुण्याकडचे लोक मंचर, घोडेगाववरून गाडीने जातात. मुंबईकडचे धडधाकट लोक पायी चढतात. करी रोडहून लोकलने निघावे, दादरला गाडी बदलावी आणि कर्जतच्या गाडीने नेरळला उतरावे. तेथून कशेळ्यावरून खांडस गाव. खांडसहून दोन वाटा वर जातात. एक शिडी घाट. ती वाट जवळची, पण अवघड आहे. कड्याला लोखंडी शिड्या आहेत. पावसात खडक निसरडा होतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. दुसरी गणेश घाटाची वाट. ती लांबची, पण सोपी आहे. चढायला चार ते सहा तास लागतात. पाणी जवळ ठेवावे. एकट्याने जाऊ नये. गावातला माहीतगार माणूस सोबत घ्यावा. पावसाळा संपल्यावर, थंडीत गेलेले बरे.

शेकरू बघायचे तर पहाटे निघावे. सकाळी आणि ऊन उतरल्यावर ते हिंडते. दुपारी फांदीवर अंग टाकून पडते. भडक कपडे घालू नयेत. मोठ्याने बोलू नये, गाणी लावू नयेत. झाडाखाली अर्धवट कुरतडलेली फळे दिसली, तर तेथे थांबावे आणि वर बघावे. खडखड असा आवाज येतो का, ऐकावे. चाहूल लागली की शेकरू फांदीला चिकटून निश्चल बसते. आपणही तसेच उभे राहावे. थोड्या वेळाने ते पुन्हा हलते. त्याला खायला टाकू नये. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या आपल्याबरोबर माघारी आणाव्यात.

या डोंगरात महादेव कोळी समाजाची गावे आहेत. तेथले लोक हिरडा गोळा करून विकतात. त्यावर घरखर्चाला हातभार लागतो. हिरड्याचे झाड उभे राहिले, तर पुढच्या सालीही फळ मिळते. ते तोडले, तर एकदाच सरपण मिळते. हा हिशेब त्यांना शाळेत शिकवावा लागला नाही. देवदर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावा. फळ घ्यावे, झाड राखावे.