कारखाना पोटात, माल मात्र वाया

आपल्या मोठ्या आतड्यातले काही जिवाणू बी-१२ जीवनसत्त्व तयार करतात. तरीही पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. काखेत कळसा खरा, पण गावाला वळसा घातल्यावाचून इथे शरीराला गत्यंतर नाही.

अडचण जागेची आहे. जठरातल्या एका विशिष्ट प्रथिनाशी जोडले गेलेले बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात शोषले जाते. जिवाणूंची दाट वस्ती त्याच्याही पुढे, मोठ्या आतड्यात. तिथे बनलेले बी-१२ मागे फिरत नाही, बहुतेक मलावाटे निघून जाते. गाईचे जिवाणू लहान आतड्याच्या आधी, कोठीपोटात राहतात. चाऱ्यातून कोबाल्ट मिळाले की ते बी-१२ घडवतात आणि ते पुढे गाईच्या अंगी लागते. शाकाहारी माणसाला दूध-दह्यातून मिळते ते हेच. सशाने वेगळीच तोड काढली आहे: तो स्वतःच्या मऊ लेंड्या पुन्हा खातो.

बी-१२ला गैरसोयीची ठरलेली हीच जागा तंतुमय पदार्थांना मात्र मानवते. भाकरी, उसळी, पालेभाज्यांतले न पचलेले तंतू मोठ्या आतड्यात पोचतात. जिवाणू ते आंबवून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही आम्ले बनवतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य इंधन. त्याच अस्तरात विखुरलेल्या ‘एल’ पेशींना या आम्लांची चाहूल लागते आणि त्या जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. हे संप्रेरक जेवणानंतर इन्सुलिन वाढवते, जठर सावकाश रिकामे करते आणि मेंदूला पोट भरल्याचे कळवते.

मधुमेह आणि लठ्ठपणावर सध्या गाजणारे सेमाग्लुटाइड हे औषध याच संप्रेरकाची नक्कल. शरीरातले जीएलपी-१ काही मिनिटांतच विघटित होते, औषधाचा परिणाम मात्र आठवडाभर टिकतो. त्यामुळे भाकरी-उसळ हा या औषधाच्या इंजेक्शनला पर्याय नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम तंतू खाण्याची शिफारस केली. तेवढे खाल्ले तर जिवाणू त्यांचे काम चोख करतील. बी-१२साठी मात्र त्यांच्या भरवशावर राहू नये. दूधही वर्ज्य करणारे, वयस्कर आणि वर्षानुवर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे यांनी डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करून घ्यावी.