संयुक्त खात्यातली गाडी

बँकेत असताना मी संयुक्त खाती पुष्कळ उघडली. भांडणे पैशांवरून कमी, पहिले नाव कोणाचे यावरून जास्त! टोयोटा आणि बीएमडब्ल्यू मिळून स्पोर्ट्‌स कार काढण्याच्या विचारात आहेत, हे २०१३ साली जाहीर झाले आणि माझा भाचा असाच बेचैन झाला. २००२ साली बंद पडलेली सुप्रा परत येणार? मग इंजिन कोणाचे? सहा वर्षे तर्क लढवले. २०१९ साली गाडी आली. नाव जपानी, इंजिन बीएमडब्ल्यूचे, जुळणी ऑस्ट्रियातल्या ग्राझची. भाचा हिरमुसला. ‘मामा, ही आपली सुप्रा नव्हे!’ मी म्हटले, ‘अरे, अशा गाड्या खपतात थोड्या, खर्च मात्र भरमसाट. एकट्याच्या खात्यावर ती निघाली असती का?’ तो गप्प बसला. पटले, असे मात्र म्हणाला नाही.