सेकंद वाढवून मिळत नाहीत

नवरात्रात वणीकडून सप्तशृंगी गडावर निघालेल्या खासगी गाड्या पायथ्याला, नांदुरीलाच थांबवतात. पुढचा घाट एसटीने. शहरांतली ‘हुशार’ सिग्नल यंत्रणा शेवटी याच युक्तीवर येते. १९७०च्या दशकात सिडनीत ‘स्कॅट्स’ आणि ब्रिटनमध्ये ‘स्कूट’ या प्रणाली घडल्या. डांबराखाली पुरलेली तारेची वेटोळी गाडीचा धातू ओळखतात (आता बऱ्याच ठिकाणी कॅमेरे), आणि त्यानुसार हिरव्याचे सेकंद इकडचे तिकडे होतात. मोकळ्या रस्त्यापुढे उगाच जळणारा हिरवा दिवा वाचतो, फायदा एवढाच. पण तो लहान नाही.

गंमत पुढे आहे. दिवा बदलला की पहिली गाडी हलेपर्यंत दोनेक सेकंद जातातच, त्यामुळे सारखी अदलाबदलही परवडत नाही. चारही बाजू तुंबल्या की वाटायला काही उरत नाही. मग यंत्रणा गर्दीच्या भागाबाहेरच गाड्या रोखून धरते. म्हणजे नांदुरीच!

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीसमोर पिकअपची रांग लागली, तर मात्र चौकातला कुठलाच दिवा ती हलवणार नाही. तिथे गाडी किती वेळात रिकामी होते, त्यावर सगळं.