समुद्रातील लोखंडाची परीक्षा

दिल्लीपासून मुंबईचा समुद्र अकराशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. यमुनाकाठच्या या नगरीत खारा वारा लागत नाही आणि भरती-ओहोटीच्या वेळा कोणी विचारीत नाही. तरीही अरबी समुद्रात उभ्या असलेल्या पोलादी मनोऱ्यांच्या भवितव्याविषयीचे पुष्कळ निर्णय याच परिसरात होतात. मुंबईत जन्मलेल्या मादाम कामांचे नाव लाभलेल्या भिकाजी कामा प्लेसमध्ये इंजिनिअर्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय आहे; समुद्रातील अनेक प्लॅटफॉर्मांचे आराखडे या संस्थेने केले. शेजारच्या नोएडात १९८६ साली स्थापन झालेले तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आहे. २००८ च्या नियमांनुसार समुद्रातील तेल व वायूच्या कामांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. जे लोखंड डोळ्यांसमोर नाही, त्याची प्रकृती कागदांवरून ओळखण्याची विद्या येथील अभियंत्यांना अवगत असावी लागते. ही विद्या शिकवावी कशी, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, ७५ मीटरांच्या आसपास खोलीच्या पाण्यात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजाने तेथे तेल शोधून काढले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्यानंतरच्या वर्षांत तेथे मनोऱ्यांची एक वस्तीच उभी राहिली. असा मनोरा म्हणजे जाड पोलादी नळ्यांचा एक उभा सांगाडा. तो किनाऱ्यावर जोडतात, तराफ्यावर चढवून नेतात, समुद्रात उभा करतात आणि त्याच्या पायांतून लांब खुंट तळाच्या मातीत ठोकून त्याला जखडून टाकतात. सामान्यतः पंचवीस वर्षांचे आयुष्य धरून हे मनोरे बांधले जातात. मुंबई हायमधील अनेकांनी ती पंचविशी केव्हाच ओलांडली आहे. तेल मात्र संपलेले नाही. म्हणून नवे कसे बांधावे यापेक्षा जुने आणखी किती वर्षे विश्वासाने वापरावे, हा प्रश्न आज अधिक वेळा पुढे येतो.

या दोन प्रश्नांची जात निराळी आहे. नवा मनोरा आखणाऱ्याला आपल्या अज्ञानाची भरपाई करता येते. शंका आली तर तो नळी थोडी जाड करतो. जुन्याची परीक्षा करणाऱ्याला ही सोय नाही. पोलाद जसे आहे तसे आहे. मूळ आराखड्यांतले काही कागद गहाळ असतात, मध्यंतरी कोणी वरच्या मजल्यावर एखादे अवजड यंत्र चढविलेले असते, कोणी एखादी नळी जोडलेली असते. महाविद्यालयात विद्यार्थ्याला गणित मिळते ते सर्व आकडे देऊन. येथे निम्मे आकडे स्वतः शोधावे लागतात, आणि जे सापडत नाहीत त्यांच्या जागी काय धरावे याचा जबाब द्यावा लागतो.

या परीक्षकाला प्रथम शिकावे लागते ते समुद्राचे वागणे. एखादे प्रचंड वादळ येईल आणि मनोरा आडवा करील, ही भीती खरी आहे. २००५ साली कतरिना आणि रिटा या दोन चक्रीवादळांनी मेक्सिकोच्या आखातातील शंभराहून अधिक प्लॅटफॉर्म नष्ट केले. परंतु रोजच्या लहान लाटेचा मारा अधिक चिवट असतो. दर दहा सेकंदांस एक लाट धरली तरी वर्षाकाठी एकतीस लाखांवर लाटा होतात. लोखंडी तार एकदा वाकविल्याने तुटत नाही; पुनःपुन्हा इकडेतिकडे वाकविली की तुटते, हे घरात प्रत्येकाने पाहिलेले असते. पोलादाच्या या थकव्याचा पहिला घाला बहुधा वेल्डिंगच्या जोडावर पडतो, कारण नळ्या जेथे एकमेकींस मिळतात तेथे ताण कित्येक पटींनी दाटतो. येथे एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ताणाचा चढउतार दुप्पट झाला, तर जोडाचे आयुष्य निम्मे न होता सुमारे एक-अष्टमांशावर येते. म्हणून ताणाच्या अंदाजातली लहानशी चूकही वर्षांच्या भाषेत मोठी ठरते.

मीठ आणि सजीव यांचा उपद्रव वेगळ्या तऱ्हेचा. बुडालेल्या भागाचा गंज रोखण्यासाठी त्यावर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे बसवितात. ते स्वतः झिजतात आणि पोलाद वाचवितात. पण जेथे पोलाद क्षणभर ओले आणि क्षणभर उघडे असते, त्या शिडकाव्याच्या पट्ट्यात या ठोकळ्यांचा उपाय पुरेसा चालत नाही. कारण पाण्याची सलग वाट असल्याखेरीज त्यांचा विद्युत्प्रवाह पोहोचत नाही. तेथे लेप आणि धातूची अधिक जाडी यांवरच भिस्त. शिवाय शेवाळ, कालवे, शिंपले नळीवर घर करतात. एक मीटर व्यासाच्या नळीवर चोहोबाजूंनी दहा सेंटिमीटरांचा थर बसला की लाटेच्या दृष्टीने ती सव्वा मीटराच्या घरात जाते, पृष्ठभागही खरखरीत होतो, आणि तिच्यावरचा लाटेचा जोर त्या मानाने वाढतो. कोकणच्या किनाऱ्यावर ज्या कालवांची चवीने वाखाणणी होते, तीच येथे हिशेब बिघडवितात.

थकव्याचा धडा जगाला फार महाग पडला. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या हद्दीत, ‘अलेक्झांडर एल. किलँड’ हा तरंगता निवासी प्लॅटफॉर्म उलटला. त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ मृत्युमुखी पडली. चौकशीत आढळले ते असे : पाण्यातील ध्वनी टिपणारे एक उपकरण बसविण्यासाठी एका नळीवर किरकोळ जोडकाम केले होते. तेथे तडा होता. तो लाटांनी वाढत गेला. नळी तुटली, मग तिच्या शेजारच्या नळ्या, आणि अखेर पाच खांबांपैकी एक निखळला. तड्याच्या पृष्ठभागावर रंगाचे अंश मिळाले. म्हणजे बांधणीच्या आवारातच तडा उपस्थित होता आणि त्यावरून रंग फिरला होता. मोठे सांधे सर्वांनी मोजले. या लहानशा जोडाला कोणी बांधणीचा भाग मानलेच नव्हते. नव्या परीक्षकाला शिकवायला याहून चांगला पाठ मिळणार नाही.

पाण्याखालची पाहणी पाणबुडे आणि दूरनियंत्रित यंत्रे करतात. पन्नास मीटरांच्या पलीकडे साधी हवा श्वासास चालत नाही. हेलियम आणि प्राणवायू यांच्या मिश्रणावर पाणबुडे दिवसचे दिवस दाबाच्या कोठडीत राहून काम करतात. हेलियममुळे त्यांचा आवाज चिरका होतो आणि वर बसलेल्याला तो उलगडून घ्यावा लागतो. अहवालातील एखाद्या ओळीमागे एवढी यातायात असते. एक पद्धत मोठी सुंदर आहे. मनोऱ्याच्या पुष्कळ नळ्या आतून कोरड्या व बंद असतात. नळीत पाणी शिरले आहे काय, एवढेच गामा किरणांनी वा ध्वनिलहरींनी बाहेरून पाहतात. पाणी असेल, तर कोठेतरी आरपार तडा आहे. पण नळी कोरडी निघाली म्हणजे तडा नाहीच असे ठरत नाही. तो अजून आरपार गेला नसेल. हा फरक ज्याला उमगला नाही, त्याच्या हाती अहवाल देणे धोक्याचे.

मग टेबलावरचे काम येते. संगणकात मनोऱ्याची प्रतिकृती घालून, शंभर वर्षांत एकदा अपेक्षित अशा लाटेचा भार तिच्यावर टाकतात आणि तो पायरीपायरीने वाढवीत मनोरा कोसळेपर्यंत नेतात. समजा, त्या लाटेच्या दुप्पट भाराला तो कोसळला; तर त्याचे राखीव बल दोन. एखादी नळी नाही असे धरून हाच खेळ पुन्हा केला की कोणती नळी जिवाची आणि कोणती केवळ सोबतीची, हे कळते. पाणबुड्यांना कोठे पाठवावे ते त्यावरून ठरते. जे शिक्षण येथे, संगणकाच्या रंगीत चित्राशी थांबते, ते अपुरे होय. प्रतिकृतीत गंज किती धरला, शिंपल्यांचा थर कोणत्या वर्षीचा, तळाची माती कोणी तपासली, असे विचारणारा अभियंता घडायला वर्षे लागतात. महामंडळाची पनवेल येथील सागरी तंत्रज्ञान संस्था १९८३ पासून अशा अभ्यासाचे केंद्र आहे. गोव्यात बेतूल येथील महामंडळाच्या संस्थेत समुद्रावर जाणाऱ्यांना सुरक्षिततेचे पाठ मिळतात. दिल्लीच्या टेबलावरील अभियंत्यानेही या दोन्ही ठिकाणांचे पाणी चाखलेले असावे, आणि जुहूहून हेलिकॉप्टरने जाऊन निदान एकदा तरी मनोऱ्याचा कंप पायांखाली अनुभवलेला असावा.

तरीही पोलादाची प्रकृती उत्तम असणे म्हणजे सर्व काही नव्हे. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईतील महापुराच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई हायच्या उत्तर भागातील प्लॅटफॉर्मजवळ ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी माणसाला पोहोचविण्यासाठी आले. पावसाळी समुद्रात ते हेलकावले आणि तेल व वायू वाहणाऱ्या उभ्या नळ्यांवर आदळले. आग भडकली आणि सुमारे दोन तासांत तो प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. बावीस माणसे गेली. तेथे ना सांधा थकला होता, ना गंजाने घात केला होता. वायूची नळी कोणत्या बाजूने उतरते, जहाजे कोणत्या बाजूने लागतात आणि त्या दोहोंमध्ये आडोसा काय आहे, हे प्रश्नही मनोऱ्याच्या परीक्षेत आले पाहिजेत, हे तेव्हापासून कोणाला पटवून द्यावे लागत नाही.

या कामाला समुद्राने स्वतःचे वेळापत्रक घालून दिले आहे. जूनमध्ये मोसमी वारे सुरू झाले की खवळलेल्या पाण्यात पाणबुड्यांचे काम बंद पडते. कोळी नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. पाहणीच्या जहाजांना त्याहूनही थोडे अधिक थांबावे लागते. मे महिन्याच्या अखेरीस, दिल्लीत उन्हाळा रणरणत असताना, नोंदींची शेवटची पेटी टेबलावर येते. अमुक सांध्यावर तडा, लांबी इतकी, खोली इतकी. तो आताच दुरुस्त करावयाचा, की पावसाळ्यातील चार महिने आणि त्यांतील लाखो लाटा त्याला सोसता येतील, हे त्या अभियंत्याने समुद्र बंद होण्यापूर्वी ठरवून खाली सही करावयाची असते.