बिब्बा उततो म्हणजे काय होते?

धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा करीत. त्या खुणेच्या जागी काहींच्या अंगावर पुरळ उठे. इतरांना काहीच होत नसे. असे का?

पॉल लँगरहान्स या बर्लिनमधील वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८६८ साली सोन्याच्या क्षाराने त्वचा रंगवली, तेव्हा तिच्यात फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. त्या त्वचेच्या पहारेकरी आहेत, हे सुमारे शंभर वर्षांनी उमगले.

बिब्ब्यातील तेलकट द्रव्य त्वचेतील प्रथिनांना चिकटते. पहारेकरी पेशी हा 'परका' पदार्थ जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन टी-पेशींना दाखवतात. टी-पेशी ती ओळख लक्षात ठेवतात. या पहिल्या भेटीत बहुधा पुरळ उठत नाही. पुढच्या वेळी मात्र टी-पेशी त्वचेत जमून दाह सुरू करतात आणि एक-दोन दिवसांत खाज व फोड येतात. ज्यांच्या टी-पेशींत ही ओळख तयार झालेली नसते, त्यांची त्वचा शांत राहते. खोट्या दागिन्यांतील निकेलही असाच त्रास देते.

म्हणजे फोड आणते ती आपलीच संरक्षक फौज! म्हणून पुरळ उठल्यास, गेल्या दोन-तीन दिवसांत अंगाला काय लागले ते आठवून डॉक्टरांना अवश्य सांगा. बिब्बा मात्र मुद्दाम लावून पाहू नका.