पाच मिलिमीटर ते शंभर मिलिमीटर

‘मुलगी अठरा वर्षांची आहे. खाली आतला भाग बाहेर आलाय म्हणते, ऑपरेशनचा हट्ट धरून बसलीय. हा आजार आहे का?’ नाव न छापण्याच्या विनंतीसह एका आईचं हे पत्र आलं. लेकीला हवी असलेली शस्त्रक्रिया म्हणजे लॅबियाप्लास्टी. तिच्यात योनीमुखाशी असलेले आतले ओठ, म्हणजे लघुभगोष्ठ, कापून लहान करतात.

उत्तर आधीच सांगून टाकते: आजार बहुतेक वेळा नसतोच. वयात येताना इस्ट्रोजेन वाढलं की हे ओठ वाढतात, कडेला गडद होतात, त्यांना चुण्या पडतात. बालपणी बाहेरच्या ओठांआड झाकलेला भाग मग बाहेर डोकावू लागतो. पाळीबद्दल शाळेत निदान एखादा तास तरी होतो. याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. मग मुलीला वाटतं, हे आपल्या एकटीलाच झालंय.

लंडनच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये पन्नास स्त्रियांची मोजमापं प्रसिद्ध केली. आतल्या ओठांची लांबी २० ते १०० मिलिमीटर होती आणि रुंदी ७ ते ५०. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या रुग्णालयात साडेसहाशेहून अधिक जणींची तपासणी झाली. २०१८ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत लांबी ५ पासून १०० मिलिमीटरपर्यंत निघाली. वीसपट फरक, आणि दोन्ही टोकं निरोगी! निव्वळ रूपासाठी केलेल्या या शस्त्रक्रियेवरचा सुरुवातीचा शोधनिबंध मात्र १९८४ चा आहे. मोजपट्टीच्या आधी कात्री आली.

या वैविध्याकडे त्याआधी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, असंही नाही. रॉबर्ट लाटू डिकिन्सन (१८६१–१९५०) हे न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि त्यांचा हात चित्रकाराचा. त्यांनी तपासणीच्या वेळी रुग्णांच्या अवयवांची रेखाटनं करून ठेवली, तीही हजारोंनी. निसर्ग किती तऱ्हांनी घडवतो हे त्यांच्याइतकं त्या काळी क्वचितच कुणी पाहिलं असेल. तरीही १९०२ च्या निबंधात त्यांनी निष्कर्ष काढला की मोठे ओठ ही हस्तमैथुनाची खूण आहे. अवयव डोळ्यांसमोर होता, तो कागदावर अचूक उतरत होता, आणि अर्थ मात्र त्या काळच्या नीतिकल्पनांतून लावला जात होता. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते, कारण डिकिन्सन प्रतिगामी नव्हते. संततिनियमनासाठी त्यांनी उतारवयात जिवापाड काम केलं.

पुढे १९४० च्या दशकात त्यांनी एब्रम बेल्स्की या शिल्पकाराबरोबर ‘नॉर्मा’ घडवली. सुमारे पंधरा हजार अमेरिकी तरुणींच्या मापांची सरासरी काढून केलेला हा पुतळा. १९४५ मध्ये क्लीव्हलँडच्या एका वृत्तपत्रानं हुबेहूब नॉर्मासारखी स्त्री शोधायला स्पर्धा लावली. साडेतीन हजारांहून जास्त जणींनी मापं पाठवली. सगळ्या मापांत जुळणारी एकही सापडली नाही, विजेतीसुद्धा नाही. सरासरी हा गणिताचा आकडा आहे, तसं शरीर कुणाच्याच वाट्याला येत नाही.

आज सरासरीची जागा छायाचित्रांनी घेतली आहे. पडद्यावर दिसतात ते केस काढलेले, एकसारखे, बऱ्याचदा संगणकावर गुळगुळीत केलेले अवयव. ऑस्ट्रेलियात ९७ तरुणींवर एक प्रयोग झाला. काहींना आधी शस्त्रक्रियेनं बदललेल्या अवयवांची चित्रं दाखवली, काहींना नैसर्गिक, काहींना कसलीच नाही. बदललेली चित्रं आधी पाहिलेल्यांना नंतर तसेच अवयव अधिक ‘नॉर्मल’ वाटले. नजर बदलायला एवढंसं पुरतं. त्यात जोडीदारानं कधी एखादा शेरा मारलेला असेल, तर तो वर्षानुवर्षं सलत राहतो.

सगळ्याच जणी दिसण्यासाठी जातात असं समजू नये. सायकल चालवताना, घट्ट जीन्समध्ये, संबंधांच्या वेळी खरंच दुखणाऱ्या, घासून सोलवटणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांच्या दुखण्याला ‘मनाचे खेळ’ म्हणणं हा अन्याय आहे.

पण कापायचं ते काय, हे आधी माहीत हवं. हे ओठ मज्जातंतूंनी आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले असतात, कामसुखात त्यांचा वाटा असतो. काही सर्जन कडा कापतात, काही मधून पाचरीसारखा तुकडा काढून दोन बाजू शिवतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, टाके उसवणं, व्रण दुखणं, संवेदना बदलणं हे धोके दोन्हींत आहेत. शस्त्रक्रियेनंतर बहुतेक जणी समाधानी असल्याचे अहवाल आहेत, पण ते बरेचसे शस्त्रक्रिया करणाऱ्यांचेच आणि थोड्या काळाच्या पाठपुराव्यावर आधारलेले. जाहिरातीत हे कुणी छापत नाही. वाढ पूर्ण व्हायच्या आत तर या वाटेला जाऊच नये.

लंडनच्याच २०११ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया मागणाऱ्या ३३ जणींना तपासलं. सगळ्यांची रुंदी प्रकाशित मर्यादेत बसत होती. दोन बाजूंत मोठा फरक असलेल्या तिघींनाच डॉक्टरांनी शस्त्रक्रिया देऊ केली. नकार मिळालेल्यांपैकी बारा जणी ‘दुसरीकडे करून घेऊ’ यावर ठाम राहिल्या. आकडे सांगून समजूत पटत नाही ती अशी. नजर चित्रांनी बिघडली असेल तर ती सुधारायलाही चित्रंच हवीत. ऑस्ट्रेलियातल्या विमेन्स हेल्थ व्हिक्टोरिया या संस्थेनं २०१३ मध्ये ‘लॅबिया लायब्ररी’ सुरू केली. त्यात खऱ्या स्त्रियांची, काहीही न पुसलेली, न गुळगुळीत केलेली छायाचित्रं आहेत. आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासणीच्या खोलीत असा एक संग्रह ठेवावा, आणि शस्त्रक्रियेचा विषय निघण्याआधी तो मुलीच्या हाती द्यावा.