व्यवस्थापन शिक्षण आणि ध्यान

दृष्टिक्षेपात

• संज्ञा : ध्यान म्हणजे श्वासासारख्या एका आलंबनावर चित्त स्थिर करण्याचा सराव, तर अध्यात्म म्हणजे जीवनाच्या अर्थाचा शोध होय.

• परंपरा : विपश्यना या ध्यानपद्धतीचे आचार्य सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, तर त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) हे उद्योजक होते; गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीत ‘धम्मगिरी’ केंद्र स्थापन झाले.

• शिबिर : या परंपरेच्या दहा दिवसांच्या शिबिरात दिवस पहाटे चारला सुरू होतो, मौन पाळले जाते आणि आनापान, म्हणजे श्वासाचे निरीक्षण, पहिले तीन दिवस केल्यानंतर चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शारीरिक संवेदनांचे तटस्थ निरीक्षण, शिकवली जाते; शुल्क आकारले जात नाही.

• शिक्षणसंस्था : कोलकात्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत प्रा. एस. के. चक्रवर्ती यांनी मानवी मूल्यांना वाहिलेले स्वतंत्र केंद्र उभारले.

• धर्मनिरपेक्ष रूप : जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला ध्यानाधारित ताण-निवारणाचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असतो.

• निघोजे परिसर : उद्योग आणि अध्यात्म येथे जवळजवळ नांदतात; वाहन उद्योगाचे निघोजे, ज्ञानेश्वरांच्या संजीवन समाधीची (१२९६) आळंदी आणि ‘धम्मानंद’ विपश्यना केंद्राचे मरकळ ही तिन्ही गावे पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातच आहेत.